‘मला परत पाठव’: स्वर्गातून मागे वळून बघणारं एक रशियन गाणं

रशियात बोलता बोलता एखाद्या गेलेल्या माणसाचं नाव निघालं, की जुन्या वळणाची माणसं क्षणभर थांबून दोन शब्द पुटपुटतात: ‘त्सार्स्त्वो नेबेस्नोये’. स्वर्गाचं राज्य लाभो. आपण ‘सद्गती लाभो’ म्हणतो, तशातलंच. दोन्हीकडे समजूत एकच: जीव वर गेला, पोचला, आता सुटला.

1858 मध्ये अलेक्सेई टॉल्स्टॉय या कवीनं बारा ओळींत ही समजूत उलटी फिरवली. त्याच्या कवितेतला जीव वर पोचलाय. आजूबाजूला तारे आहेत, पुण्यवंत आहेत, आनंद आहे. आणि तो रडतोय, देवाला म्हणतोय, मला परत पाठव.

पुढे सहा वर्षांच्या आत तीन थोर रशियन संगीतकारांनी याच बारा ओळींना चाल लावली. 1877 मध्ये मुसोर्गस्कीनं, 1880 मध्ये चायकोव्हस्कीनं आणि 1883 मध्ये रिम्स्की-कोर्साकोव्हनं. कवी 1875 मध्येच वारला होता, त्यामुळे यातलं एकही गाणं त्याच्या कानावर पडलं नाही. मी पहिल्यांदा ऐकलं ते चायकोव्हस्कीचं, आणि अर्थ न कळता. एखादी प्रार्थना असावी असं वाटलं. ओळींचा अर्थ समजला त्या दिवसापासून हे गाणं मला सोडत नाही. ते समजून घ्यायला लागेल तेवढं सगळं इथे सांगतो.

आधी गाण्याचा प्रकार. याला रशियनमध्ये ‘रोमान्स’ म्हणतात. नावावरून प्रेमप्रकरण डोळ्यांसमोर येतं, पण इथे तो अर्थ नाही. एक गळा, एक पियानो आणि आधी लिहिलेली एक चांगली कविता, एवढं मिळून रोमान्स होतो. एकोणिसाव्या शतकात ही गाणी छापील स्वरलिपीत विकली जात आणि घराघरांतल्या दिवाणखान्यांत म्हटली जात. आपल्याला भावगीत आठवेल, आणि ते बरंचसं बरोबर आहे: कविता आधी, चाल नंतर. मोठा फरक पियानोचा. आपल्या गाण्यात तानपुरा एकच षड्ज धरून बसतो, गायक त्या जमिनीवर फिरतो. रोमान्समध्ये पियानो ती जमीनच हलवू शकतो. गायक एकाच सुरावर थांबलेला असताना खालचे स्वरसमूह बदलले, की तोच सूर आधी उजेडात आणि मग सावलीत गेल्यासारखा वाटतो. पियानोचा प्रत्येक सूर संगीतकारानं लिहिलेला असतो, गायक पदरच्या हरकती घालत नाही. म्हणून रोमान्स ऐकताना दोघांचं ऐकायचं: शब्द म्हणणाऱ्याचं आणि न बोलता साथ करणाऱ्याचं.

आता कविता. रशियनमध्ये आत्म्याला ‘दुशा’ म्हणतात. हा शब्द स्त्रीलिंगी आहे. आपला आत्मा ‘तो’, जीवही ‘तो’. कवितेतल्या दुशेला पापण्या आहेत, त्या तिनं खाली झुकवल्या आहेत, वाटेत भेटणारे तिची चौकशी करतात. ‘तो’ म्हटलं की हे चित्र विस्कटतं. म्हणून अर्थ सांगताना मी ‘ती’च ठेवतो:

उंच आभाळांतून दुशा शांतपणे उडत चालली होती. उदास पापण्या तिनं खाली झुकवल्या होत्या. पापण्यांवरून सुटलेली आसवं अवकाशात तारे होऊन पडत होती, आणि त्यांची उजळ, लांबच लांब रांग वळणं घेत तिच्या मागे येत होती.

वाटेत भेटलेल्या ग्रहताऱ्यांनी तिला हळूच विचारलं: एवढी उदास का? डोळ्यांत पाणी कशाचं? ती म्हणाली: मी पृथ्वीला विसरले नाही. तिथे खूप यातना, खूप दुःख मागे ठेवून आले आहे.

इथे मला फक्त सुखाचे आणि आनंदाचे मेळे ऐकू येतात. पुण्यवंतांच्या जिवांना ना शोक ठाऊक, ना आकस. निर्मात्या, मला पुन्हा पृथ्वीवर जाऊ दे. तिथे कुणासाठी तरी जीव कळवळेल, कुणाचं तरी सांत्वन करता येईल.

तिचं मागणं नीट बघा. पृथ्वी सुंदर आहे, असं ती म्हणत नाही. आई, मूल, प्रियकर, कुणाचंही नाव घेत नाही. ऋतू, झाडं, घर, काहीही तिला आठवत नाही. आठवतं ते फक्त मागे राहिलेलं दुःख. चुलीवर दूध ठेवून बाहेर पडलेल्या बाईचं जसं कशातच लक्ष लागत नाही, तसं तिचं स्वर्गात झालंय. आणि स्वर्गाबद्दलची तिची तक्रार एकच: इथे कुणाला माझी गरज नाही.

मूळ पहिली ओळ अशी: ‘गोर्निमी तीखो लेतेला दुशा नेबेसामी’. रशियन न येणाऱ्या मराठी माणसाला यातले काही शब्द परके वाटू नयेत. ‘नेबेसा’ म्हणजे आभाळं, आणि हा शब्द संस्कृत ‘नभस्’चा सख्खा भाऊबंद आहे. ‘नभस्’मधला शेवटचा स् रशियन अनेकवचनात अजून टिकून आहे. सुरुवातीला सांगितलेल्या ‘नेबेस्नोये’तही तोच आहे. ‘गोर्नी’ म्हणजे वरचं, उंचावरचं, स्वर्गीय. तो ‘गोरा’पासून आला, म्हणजे डोंगर, आणि ‘गोरा’चं नातं आपल्या ‘गिरी’शी. दुसऱ्या कडव्यातले वाटेत भेटणारे ‘स्वेतिला’ म्हणजे तेजोगोल. त्यातला ‘स्वेत’ म्हणजे प्रकाश, हा ‘श्वेत’च्या कुळातला. व्याकरणसुद्धा ओळखीचं आहे. ‘नेबेसामी’ ही तृतीया विभक्ती. आपण ‘या वाटेनं जा’ म्हणतो, तशी दुशा ‘आभाळांनी’ चालली आहे. म्हणजे आभाळ हा इथे तिचा मुक्काम नाही, रस्ता आहे.

‘गोर्नी’ला जोडून दुसऱ्या ओळीत ‘दोलू’ येतो: खाली, दरीकडे. जुन्या चर्चच्या भाषेत हे दोन शब्द जोडीनं वावरतात, वरचं जग आणि खालचं जग. कवीनं पहिल्या दोन ओळींतच दोन्ही ठेवून दिलेत: उडते आहे वर, नजर आहे खाली. संगीतकाराची पंचाईत इथूनच सुरू होते. चाल वर न्यायची की खाली?

आणखी एक शब्द जवळून बघण्यासारखा आहे. तिसऱ्या कडव्यात ‘लिकाम’ असा शब्द येतो. आजच्या रशियनमध्ये ‘लिक’ म्हणजे चेहरा, विशेषतः देवचित्रातला. पण जुन्या चर्चच्या भाषेत ‘लिक’ म्हणजे गाणाऱ्यांचा मेळा. शेजारचं क्रियापद ‘कान देऊन ऐकणे’ या अर्थाचं आहे, म्हणून इथे मेळाच बसतो. म्हणजे दुशेच्या चहूबाजूंनी अखंड गाणं चालू आहे, आनंदाचं. त्या गाण्यानं तिचं मन भरत नाही. ही ओळ गाणाऱ्याच्या तोंडी येते तेव्हा मला दर वेळी गलबलून येतं.

वृत्ताबद्दल थोडं, कारण ते गाण्याच्या अंगातच भिनलेलं आहे. शाळेत ‘यमाताराजभानसलगा’ पाठ केलेलं असेल, तर भगण आठवेल: गुरू, लघू, लघू. तीन भगण आणि शेवटी दोन गुरू म्हणजे दोधक. त्यात आणखी एक भगण घातला, की टॉल्स्टॉयची ओळ होते, चौदा अक्षरांची: गोर्निमी, तीखोले, तेलादु, शानेबे, सामी. फरक इतकाच की रशियन वृत्त ऱ्हस्व-दीर्घावर चालत नाही, आघातावर चालतं. एक ठोका, दोन हलकी अक्षरं, एक ठोका, दोन हलकी अक्षरं. पंखांची संथ हालचाल असावी तसं. तिसऱ्या ओळीच्या शेवटी ‘ताऱ्यांसारखी’ या अर्थाचा जो शब्द आहे, त्यावरचा आघात आजचे रशियन लोक पहिल्या अक्षरावर देतात. इथे मात्र जुन्या उच्चाराप्रमाणे ‘ज़्वेज़्दामी’ असा ‘दा’वर द्यावा लागतो, नाही तर ‘नेबेसामी’शी यमक जुळत नाही.

आता धर्माची बाजू. ती माहीत नसेल तर आपल्याकडच्या वाचकाचा एक गैरसमज नक्की होईल. ‘पुन्हा पृथ्वीवर जाऊ दे’ हे आपल्याला पुनर्जन्माचं मागणं वाटतं. मुक्ती नको, पुन्हा जन्म दे, हे मागणं वारकरी संतांमुळे आपल्या कानांना सवयीचंही आहे. रशियन ऑर्थोडॉक्स धर्मात पुनर्जन्म नाही. एकदा गेलेला जीव परत येत नाही. म्हणजे दुशा मागते ते तिच्या धर्माच्या व्यवस्थेत बसतच नाही. आणि मागण्याचं कारणही वेगळं आहे: आपल्या संतांना पुन्हा यायचंय ते नामाच्या आणि संतसंगाच्या गोडीपायी, तिला यायचंय ते दुसऱ्याच्या दुःखापायी.

शिवाय रशियन माणसाच्या मनात जिवाच्या या वरच्या प्रवासाचा एक ठरलेला नकाशा होता. मरणानंतरचा तिसरा, नववा आणि चाळिसावा दिवस प्रार्थनेचा. वर जाताना हवेत लागणारे ‘मितार्स्त्वा’, म्हणजे शब्दशः जकातनाके. तिथे दुष्ट शक्ती एकेका पापाचा हिशेब मागतात, आणि थेओदोरा नावाच्या पुण्यवान बाईच्या मरणोत्तर प्रवासाच्या जुन्या कथेत असे वीस नाके आहेत. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी हे ऐकलेलं, चित्रांत पाहिलेलं. टॉल्स्टॉयनं यातलं काहीच घेतलं नाही. नाके नाहीत, हिशेब नाही, हात धरून नेणारा देवदूतही नाही. वाटेत भेटतात ते ग्रहतारे, आणि ते गावच्या रस्त्यावरच्या माणसांसारखी आपुलकीनं विचारपूस करतात.

रशियन वाचकाला इथे आणखी एक कविता आठवते: लेर्मोंतोव्हची ‘देवदूत’, 1831 मध्ये लिहिलेली. तिच्यात मध्यरात्रीच्या आभाळातून देवदूत एका कोवळ्या जिवाला कुशीत घेऊन खाली, जन्माकडे आणतो आहे आणि हळू आवाजात गातो आहे. तो जीव पुढे पृथ्वीवर जगतो, पण ते गाणं विसरत नाही, आणि पृथ्वीवरची गाणी त्याला कंटाळवाणी वाटतात. टॉल्स्टॉयनं सगळं उलट केलं. तिथे जीव खाली येतो आणि त्याला वरची ओढ, इथे वर जातो आणि खालची ओढ. तिथे पृथ्वीची गाणी पुरत नाहीत, इथे स्वर्गाची. रिम्स्की-कोर्साकोव्हनं 1897 मध्ये लेर्मोंतोव्हच्या त्या कवितेलाही चाल दिली, म्हणजे त्याच्याकडे जाणं आणि येणं, दोन्ही आहेत.

कवीची ओळख थोडक्यात करून देतो. हा टॉल्स्टॉय कादंबरीकार लिओ टॉल्स्टॉयचा दूरच्या नात्यातला भाऊ. जन्म 1817 चा. लहानपणी तो पुढे झार झालेल्या दुसऱ्या अलेक्झांडरचा सवंगडी होता, मोठेपणी दरबारी नोकरीत घुसमटला आणि 1861 मध्ये त्यातून बाहेर पडला. क्रिमियाच्या युद्धाच्या वेळी तो सैन्यात दाखल झाला आणि ओदेसाजवळ टायफसनं मरता मरता वाचला. 1856 ते 1857 या दोन वर्षांत आई आणि दोन मामा, अशी घरातली तीन जवळची माणसं गेली. पुढच्याच वर्षीची ही कविता. त्यातली दुशा कोण, हे त्यानं कुठेही सांगितलेलं नाही, आणि मी अंदाज बांधत नाही. आणखी एक गोष्ट इथे आठवते. तेव्हा रशियात भूदासांची, म्हणजे जमीनदारांच्या मालकीच्या शेतकऱ्यांची, गणती ‘दुशा’ याच शब्दात होत असे, आणि 1857 ते 1859 मध्ये तशी शेवटची देशव्यापी गणती चालू होती. कवी एका दुशेचं दुःख लिहीत होता, तेव्हा कारकून वह्यांमध्ये दुशा मोजत होते.

आता ते तिघे. हे तिघे एकाच देशाचे, एकाच काळातले, पण गाण्यात शब्दाला किती मान द्यायचा याबद्दल प्रत्येकाचं मत वेगळं. एकाच कवितेवर ते ताडून बघता येतं.

मुसोर्गस्कीला आयुष्यभर माणसाच्या बोलण्याचं वेड होतं. माणूस जसा बोलतो, अडखळतो, ओरडतो, तसं संगीतात आलं पाहिजे, या हट्टापायी त्यानं 1868 मध्ये गोगोलच्या नाटकातलं गद्य जसंच्या तसं ऑपेरात घ्यायला सुरुवात केली होती. 1876 च्या डिसेंबरात त्यानं समीक्षक स्तासोव्हला लिहिलं, की बोलण्यातूनच उगवणारी, अर्थानं समर्थ अशी चाल आता त्याला सापडू लागली आहे. नंतर काही महिन्यांतच त्यानं टॉल्स्टॉयच्या पाच कविता घेतल्या, त्यातली एक ही. त्याच 1877 मध्ये त्यानं मृत्यूवरच्या आपल्या गीतमालेतलं शेवटचं गाणंही लिहिलं. त्यात मृत्यू सेनापती होऊन रात्री रणांगणावर येतो आणि मेलेल्यांची सेना आपली म्हणून मोजून घेतो. ते गाणं आणि हे गाणं एका वर्षात एकाच माणसाच्या हातून उतरलं. तो तेव्हा सरकारी कचेरीत नोकरी करत होता, दारू सुटत नव्हती, आणि आयुष्याची चारच वर्षं उरली होती. त्याचं गाणं ऐकायचं, तर बोलणाऱ्याकडे लक्ष देतो तसं ऐका. बोरिस ख्रिस्तोफ या गायकानं मुसोर्गस्कीची सगळी गाणी ध्वनिमुद्रित केलेली आहेत. त्याच्या खर्जातली ही दुशा ऐकली, की ‘ती’ हा शब्द आवाजाला बांधलेला नसतो हेही कळतं.

चायकोव्हस्कीचं मत वेगळं. ओळ पुन्हा म्हणावीशी वाटली तर त्यानं खुशाल म्हणायला लावली, गाण्यासाठी शब्द इकडेतिकडे केले. त्सेझार क्युई या संगीतकार-समीक्षकानं त्यावरून त्याला चांगलंच धारेवर धरलं. चायकोव्हस्कीचं म्हणणं असं, की गाण्यात भावनेचा खरेपणा आधी, शब्दांची काटेकोर उस्तवार नंतर. तरी अलेक्सेई टॉल्स्टॉयवर त्याचा फार जीव. चाल लावायला याच्या कवितांसारखा न आटणारा झरा नाही, असं तो नादेझ्दा फॉन मेक या आपल्या आश्रयदात्रीला कळवतो. 1880 च्या उन्हाळ्यात तो युक्रेनमध्ये होता, काही दिवस कामेन्काला बहिणीकडे, काही दिवस याच बाईंच्या ब्राइलोवच्या वाड्यात. तिथे त्यानं सात रोमान्स लिहिले. तो संग्रह म्हणजे ओपस 47 (ओपस म्हणजे संगीतकाराच्या रचनांचा क्रमांक), गायिका अलेक्सांद्रा पानायेवा हिला अर्पण केलेला. सातांपैकी चार कविता टॉल्स्टॉयच्या, आणि दुशेचं गाणं दुसऱ्या क्रमांकावर. त्याच वर्षाच्या शरद ऋतूत त्यानं तोफांच्या गडगडाटासाठी गाजलेली ‘1812’ची संगीतरचना केली. तोफांच्या आधी हे एवढं हळू बोलणारं गाणं झालेलं होतं.

रिम्स्की-कोर्साकोव्हची गोष्ट मला जास्त हळवी वाटते. मुसोर्गस्की 1881 मध्ये गेला. मित्राच्या अर्धवट राहिलेल्या कागदांचा ढीग रिम्स्कीनं अंगावर घेतला, त्याचा अपुरा ऑपेरा ‘खोवान्श्चिना’ पुरा केला. आणि 1883 मध्ये, दरबारी चर्चच्या गायकवृंदात कामाला लागला त्याच वर्षी, मित्रानं चाल लावलेल्या याच कवितेला त्यानं स्वतःची चाल लावली. पुढे आत्मचरित्रात त्यानं आपल्या आधीच्या गाण्यांबद्दल निर्मळपणे लिहिलंय: त्या चाली वाद्यावर सुचल्यासारख्या होत्या, शब्दांच्या वळणावर चालणाऱ्या नव्हत्या, तसं खरं गळ्याचं लेखन आपल्याला जमलं ते 1897 मध्ये. हे गाणं त्या आधीच्या काळातलं. मला तो दोष म्हणून ऐकू येत नाही. बोलक्या मित्राच्या शेजारी शांत बसणारा माणूस असतो, तसं ते गाणं आहे.

तिन्ही पाठोपाठ ऐकणार असाल, तर तीन जागा धरून ठेवा. एक, ‘दोलू’ हा शब्द: नजर खाली जाते, तेव्हा चाल जाते का, की पियानो जातो? दुसरी, ताऱ्यांचा प्रश्न: एकाच गायकाला निवेदक, तारे आणि दुशा असे तीन आवाज काढायचे असतात, मग प्रश्न विचारताना आवाज कुठे बदलतो? तिसरी, ‘ओ, अत्पुस्ती’, मला सोड. बारा ओळींतला हा एकमेव उद्गाराचा ‘ओ’. ओळीचा पहिला ठोका त्यावरच पडतो, आणि गायकाला तोंड उघडून सोडता येईल असा हा मोकळा स्वर कवीनं जणू मुद्दाम तिथे आणून ठेवलाय.

मग शेवट. शेवटच्या ओळीतल्या ‘पोझालेत्’ या क्रियापदाचा शब्दकोशातला अर्थ दया करणे. पण रशियन खेड्यांत बायका ‘तो मला झालेत् करतो’ म्हणत, तेव्हा त्याचा अर्थ माया करतो, प्रेम करतो असा असे. म्हणून ‘कीव’ इथे चालत नाही, ‘कळवळा’ चालतो. ओळ संपते ती ‘उतेशित् कावो बी’ अशी, आणि तिचं यमक दोन ओळी आधीच्या ‘ज़्लोबी’शी जुळतं, म्हणजे आकसाशी. ‘बी’ हा एकाक्षरी शब्द. स्वतःचा अर्थ जवळजवळ नाहीच. ‘मिळालं असतं तर’ मधल्या ‘असतं तर’सारखी नुसती इच्छा दाखवतो. एवढी मोठी प्रार्थना त्या एवढ्याशा शब्दावर येऊन थांबते. निर्मात्याचं उत्तर कवितेत नाही. गायक गप्प होतो, आणि त्यानंतर पियानोत जे काही असेल तेवढंच आपल्या हाती राहतं.

चायकोव्हस्कीचा तो संग्रह पुढे ऐकत गेलं, की पाचव्या क्रमांकावर याच कवीच्या दुसऱ्या कवितेतला एक भाग येतो. एक माणूस पायी चालला आहे. हातात काठी, खांद्याला भिक्षेची झोळी. तो रानांना आशीर्वाद देतो, दऱ्यांना, पाण्यांना देतो, आपल्या काठीला आणि झोळीला देतो, एकट्या पायवाटेला देतो. मग शेतातल्या एकेका काडीला आणि आभाळातल्या एकेका ताऱ्याला. मी ही दोन गाणी नेहमी पाठोपाठ लावतो, मधली दोन गाळून.